पहिल्यांदाच एका पातेल्यात पास्ता आणि बीफ करताय?

मसाल्यांचा विचार नंतर. आधी खिमा नीट परता. जाड बुडाचं पातेलं चांगलं तापू द्या, बीफचा खिमा पसरा आणि तीन-चार मिनिटं हलवूच नका. खालची बाजू खरपूस तपकिरी झाली की मगच मोडा. घाईघाईने टोमॅटो घातले की पाणी सुटतं, खिमा नुसता उकडतो आणि चव तिथेच जाते.

दुसरी चूक पाण्याची. २५० ग्रॅम पास्त्याला साधारण ७०० मिली पुरतं, पास्ता जेमतेम बुडेल इतकंच. हे पाणी गाळायचं नाही. पास्त्याच्या स्टार्चनेच सॉस दाट होतो.

- मीठ आधी कमीच. पाणी आटतं तसा खारटपणा वाढतो.
- अधूनमधून तळापासून हलवा, नाहीतर बुडाला लागेल.
- पास्ता किंचित कच्चा असतानाच गॅस बंद करा, चीज त्यानंतर. बिनधास्त करा, जमेल!