गळती आधी, दोष नंतर
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

आमच्या बाथरूमच्या छतातून पाणी गळतं. वरचे काका म्हणतात, "आमच्याकडे सगळं कोरडं आहे." सेक्रेटरी म्हणतात, "हे तुमचं आपसातलं." आता जिन्यात भेटलो तरी कोणी कोणाकडे बघत नाही. काय करावं?
(एक वाचक, डोंबिवली)

काका खोटं बोलत नसावेत. गळणारं पाणी वरच्या घरात दिसतच नाही. त्यांची फरशी कोरडी आणि तुमचं प्लास्टर ओलं, त्यामुळे दोघेही आपापल्या जागी खरे वाटता. म्हणून "तुमच्याकडून गळतंय" हे वाक्य सध्या गिळा आणि आधी पाणी कुठून येतंय ते शोधा.

सुरुवात आपल्याच घरात करा. डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढून तारीख घाला. आठवडाभर थेंब कधी वाढतात ते वेळेसह लिहा. दिवसरात्र सारखेच थेंब पडत असतील तर संशय येणाऱ्या पाण्याच्या लाइनवर. अंघोळीनंतर वाढत असतील तर नहाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचं सांडपाण्याचं तोंड), सांडपाण्याचा पाइप किंवा वॉटरप्रूफिंग. फक्त पावसाळ्यात डाग पसरत असेल तर बाहेरची भिंत किंवा बाहेरचा पाइप, आणि मग काकांचा संबंधच उरत नाही.

मग वर जा. संध्याकाळी घरातले सगळे टीव्हीसमोर असताना नको, निवांत वेळी. म्हणा, "काका, दुरुस्ती आणि खर्चाचं नंतर बघू. रविवारी प्लंबर आणतो, त्याचे पैसे मी देतो. दोन चाचण्या करू, आणि एकदा खाली येऊन डाग बघून जा." काका एकदा खाली आले की निम्मा वाद तिथेच निवळतो. प्लंबर तुमचा नेहमीचा नको, त्यांचाही नको. सोसायटीची कामं करणारा असेल तर उत्तम.

पहिली चाचणी: वरच्या बाथरूमच्या लाइनचा व्हॉल्व्ह रात्री बंद करा, गीझरकडे जाणाऱ्या लाइनचाही. सकाळपर्यंत थेंब कमी झाले तर दोष त्या लाइनमध्ये. दुसरी चाचणी: ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करून फरशीवर इंचभर पाणी साठवा, त्यात रंग मिसळा आणि 24 तास तसंच ठेवा. खाली रंगीत पाणी आलं तर टाइल्सचे सांधे किंवा खालचं वॉटरप्रूफिंग गेलं. साठवलेलं पाणी असताना काही नाही, पण बूच काढताच थेंब सुरू झाले तर ट्रॅप किंवा त्याखालचा पाइप. इथे घाई नडते. जुन्या इमारतींत बाथरूमच्या लादीखाली विटांच्या तुकड्यांचा भराव असतो. तो पाणी पिऊन घेतो आणि नंतर सावकाश सोडतो. दोन तासांत काही दिसलं नाही म्हणून "बघा, आमचं नाहीच" असा निकाल लागतो आणि भांडण दुप्पट होतं. शंका राहिली तर 48 तास थांबा.

आता खर्च. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार, घरातल्या संडास, बाथरूम, सिंकची गळती त्या सभासदाने दुरुस्त करायची. पावसाचं पाणी, बाहेरचे सामाईक पाइप आणि ड्रेनेज लाइनमुळे होणारी गळती सोसायटीने. त्यामुळे "आपसातलं" म्हणून सेक्रेटरींना हात झटकता येत नाहीत. निदान पाणी कुठलं हे ठरवण्यात समितीने उभं राहायला हवं. काका चाचणीलाही तयार नसतील तर सेक्रेटरींना एक पानी अर्ज द्या: डागाचे तारीखवार फोटो, थेंबांच्या वेळा आणि मागणी एकच, "समितीच्या उपस्थितीत तपासणी व्हावी." छताच्या रंगाची भरपाई या अर्जात घुसडू नका. ती वाचून काका पुन्हा दार लावून घेतील. समितीने पुढच्या सभेत निर्णय घेऊन तो पंधरा दिवसांत कळवायचा असतो. तेही झालं नाही तर गळतीचा वाद सहकार न्यायालयात जातो. बरेच जण फाइल घेऊन आधी उपनिबंधकांकडे धावतात आणि तिथून परत पाठवले जातात.

मी तयार केलेलं विश्लेषण आमचा टीम लीड वरिष्ठांपुढे स्वतःच्या नावाने मांडतो. असं दोनदा झालं. बोलले तर रेटिंग जाईल, नाही बोलले तर काम जाईल.
(एक वाचक, पुणे)

अशा वेळी माणसं दोन टोकं गाठतात. काही जणी वर्षभर गप्प राहतात आणि अप्रेझलच्या मीटिंगमध्ये सगळं एकदम ओततात. काही जणी त्याच संध्याकाळी साहेबांना सीसीत घेऊन ईमेल पाठवतात. दुसऱ्या वाटेने गेलात की लीडला माघार घ्यायला जागाच उरत नाही. त्या ईमेलला तो उत्तर देईल ते तुम्हाला नव्हे, साहेबांना.

आधी समोरासमोर, दोघांतच, ठरवून घेतलेली पंधरा मिनिटं. बोलण्यात तीन गोष्टी हव्यात: एक ठराविक घटना, तिचा तुमच्यावर झालेला परिणाम आणि पुढची मागणी. उदाहरणार्थ: "गुरुवारच्या रिव्ह्यूमध्ये ग्राहक-गळतीचा जो तक्ता दाखवला तो मी केला होता. माझं नाव आलं नाही, त्यामुळे पुढचे प्रश्न माझ्याकडे आलेच नाहीत. पुढच्या वेळी तो भाग मी पाच मिनिटं मांडू का?" एवढं बोलून थांबा. "तुम्ही नेहमीच असं करता" हे वाक्य तोंडात आलं की समोरचा 'नेहमी' खोडून काढायला उदाहरणं शोधू लागतो आणि तुमचा गुरुवार बाजूला पडतो. आधी कौतुक, मध्ये तक्रार, शेवटी पुन्हा कौतुक ही युक्ती ट्रेनिंगमध्ये शिकवतात. आमचं मत विचाराल तर मधली तक्रार त्यात हरवते.

बोलणं झालं की त्याच दिवशी तीन ओळींचा मेल पाठवा: "आज बोललो त्याप्रमाणे पुढच्या रिव्ह्यूत तो भाग मी मांडेन. मसुदा बुधवारी पाठवते." त्यात तक्रारीचा सूर नको, फक्त ठरलेलं. पुढच्या दोन रिव्ह्यूत काहीच बदललं नाही तर तोच मेल आणि फाइल हिस्ट्रीतल्या तारखा घेऊन वरिष्ठांकडे जा. तेव्हा तो कागद बोलेल.

आमच्या वीस-बावीस जणांच्या ऑफिसात एका सहकारी मुलीने लैंगिक छळाची तक्रार केली. साहेब मला म्हणाले, "तू दोघांना बसव, माफी मागायला लाव, मिटवून टाक." मी काय करू?
(एक वाचक, नाशिक)

मध्यस्थी करू नका. या प्रकाराला मनमुटावाच्या रांगेत बसवता येत नाही. कामाच्या ठिकाणचा महिलांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, किमान निम्म्या सदस्य महिला, आणि एक सदस्य बाहेरचा. समिती नेमलीच नसेल तर मालकाला 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. साहेबांना ही बाब सांगणं हाच बहुधा त्यांच्याशी बोलण्याचा सर्वांत छोटा मार्ग.

तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. लिहायला अडचण असेल तर मदत करणं समितीचंच काम. समेट होऊ शकतो, पण चौकशी सुरू होण्याआधी आणि फक्त त्या मुलीने मागितला तरच. पैसे देऊन-घेऊन तो करता येत नाही. चौकशी 90 दिवसांत पुरी व्हायला हवी. ती चालू असताना मुलगी बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागू शकते. तुमचं काम एवढंच: तिला ही माहिती देणं आणि चहाच्या टपरीवर या विषयाची चर्चा होऊ न देणं. तिचं नाव फुटलं तर तेही कायद्याच्या विरोधात जातं.

चुलत भावाचा आणि आमचा बांधावरून वाद आहे. सातबाऱ्यावर त्यांच्या नावाची जमीन आम्ही कसतो आणि आमच्या नावाची ते, आजोबांच्या वेळेपासून. आता विकायची वेळ आली तर दोघेही अडलो.
(एक वाचक, पंढरपूर तालुका)

तुमचा वाद बांधाचा नाहीच, कागदाचा आहे, आणि हे चांगलं लक्षण. अशाच अदलाबदलीसाठी राज्य सरकारने 2023 साली सलोखा योजना आणली. ताबा किमान 12 वर्षांचा हवा आणि दोघांची संमती हवी. तलाठी आणि मंडळ अधिकारी पंचनामा करतात. मग अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क 1000 रुपये आणि नोंदणी फी 1000 रुपये. नेहमीच्या दराने भरायला लागलं असतं तर दोघांनीही तो विषय आणखी पिढीभर टाळला असता. योजनेची मुदत चालू आहे का, हे तलाठ्याकडे आधी विचारून घ्या. एकाचीच जमीन दुसऱ्याकडे असेल, म्हणजे एकतर्फी अतिक्रमण असेल, तर ही योजना लागू होत नाही.

मोजणीवरून अडलं असेल तर भूमि अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करताना भावालाही सांगा. नोटीस त्यांना जाणारच आहे, पण ती पोस्टाने येण्याआधी तुमच्या तोंडून कळली तर मोजणीच्या दिवशी काठ्या निघत नाहीत. मोजणी पटली नाही तर निमताना मोजणी, म्हणजे पहिली मोजणी तपासणारी फेरमोजणी, मागता येते. खुंट उपटून काही साधत नाही. आणि कोणी शेताची वाट अडवली असेल तर तहसीलदारांकडे दावा सहा महिन्यांच्या आत करा. "घरातल्या घरात मिटेल" म्हणत मुदत घालवणारे फार.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज भांडणं होतात. ग्रुप सोडावा का?
(एक वाचक, ठाणे)

सोडू नका, पाणी कधी जाणार हे तिथेच कळतं. ॲडमिनना सांगून सूचनांचा वेगळा ग्रुप करून घ्या, जिथे फक्त ॲडमिन लिहू शकतात. तक्रारीला ग्रुपवर "सेक्रेटरींना लेखी द्या" एवढंच उत्तर, तेही दर वेळी त्याच शब्दांत. रात्री दहानंतर टाइप केलेला मेसेज सकाळी चहा घेतल्यावर पाठवा. बहुतेक वेळा तो डिलीटच होतो.