‘लास्ट किती?’

प्रश्न : घर बदलतोय, म्हणून आईचं लोखंडी कपाट ऑनलाइन ८००० रुपयांना विकायला टाकलं. दिवसभर ‘लास्ट किती?’ एवढाच मेसेज. एकाने तर थेट ३००० म्हटलं! डोकं फिरतं. काय करू?
– एक वाचिका, सांगली

उत्तर : ताई, कपाट न बघता भाव पाडणाऱ्याशी घासाघीस करूच नका. ‘येऊन बघा, भाव समोरासमोर बोलू’ एवढं लिहून ठेवा आणि प्रत्येकाला तेच पाठवा. निम्मे तिथेच गळतात. किती खाली यायचं, समजा ७०००, ते आजच घरात ठरवा; फोनवर मात्र तो आकडा सांगू नका.

येणारा आधी लॉकरची किल्ली फिरवून बघेल, मग खाली वाकून पायाजवळचा गंज दाखवेल आणि म्हणेल, ‘हजार कमी करा.’ तो गंज फोटोत तुम्हीच आधी दाखवा. मग त्याला बोलायला जागाच उरत नाही. टेम्पो-हमाली कुणाची, हेही आधीच लिहा. लिफ्ट नसेल तर सौदा तिथेच मोडतो. मी भावात दोनशे सोडते, पण हमाली अंगावर घेत नाही.

३००० वाल्यावर कशाला चिडता? मंडईत आपण तरी वेगळं काय करतो! ‘नाही जमणार’ म्हणायचं, विषय संपला.

खरी भीती घासाघीस न करणाऱ्याची. ‘मी लष्करात आहे, न बघता घेतो, क्यूआर कोड स्कॅन करा,’ म्हणणाऱ्याला लगेच ब्लॉक करा. यूपीआयवर पैसे घ्यायला ना कोड स्कॅन करावा लागतो, ना पिन लागतो; पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. रक्कम जमा झालेली स्वतःच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये बघा, मगच कपाट दाराबाहेर काढू द्या.