अंगातलं पाणी कमी पडतं तेव्हा : वाचकांचे प्रश्न

जुलाब-उलट्यांत किती वेळा झालं हे घरातला प्रत्येक जण मोजतो. रोग्याकडे बघायचं मात्र राहून जातं. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न याच एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

प्रश्न : सव्वा वर्षाच्या मुलाला रात्रभर पाण्यासारखे जुलाब झाले. सकाळी तो सारखं पाणी मागत होता, कुणाकडेच राहत नव्हता. दुपारी शांत झोपला, जुलाबही कमी झाले, म्हणून आम्ही निर्धास्त झालो. संध्याकाळी रुग्णालयात नेल्यावर डॉक्टर म्हणाले, उशीर केलात. मूल आता बरं आहे, पण आमचं चुकलं कुठे?

उत्तर : दुपारच्या त्या झोपेपाशी. पाणी कमी पडू लागलं की मूल आधी आकांत करतं. चिडतं, वाटी दिसली की झडप घालतं, घटाघटा पितं. अंगातलं पाणी गेलंय, पण मेंदूला रक्त पोहोचतंय, असा तो टप्पा. वजनाच्या साधारण ५ ते १० टक्के पाणी तोवर गेलेलं असतं. दहा किलोच्या मुलाच्या अंगातून लिटरभर गेलं की १० टक्क्यांची रेषा येते. तिच्यापुढे मूल तहानही विसरतं आणि रडणंही. घरच्यांना ते ‘शांत झालं’ असं वाटतं.

झोप आणि ग्लानी यांतला फरक दोन मिनिटांत कळतो. नावानं हाक मारा, तळपायाला बोट चोळा, मग ओठाला पाण्याचा चमचा नुसता टेकवा. झोपलेलं मूल कुरकुरतं, तोंड फिरवतं किंवा चोखायला लागतं. ग्लानीतलं मूल डोळे अर्धवट उघडतं, पण नजर कुणावर ठरत नाही. अशा वेळी पाणी तोंडात ओतू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. उचला आणि निघा.

जागतिक आरोग्य संघटनेनं मुलांसाठी चार खुणा ठरवून दिल्या आहेत : ग्लानी किंवा बेशुद्धी, खोल गेलेले डोळे, पिता न येणं किंवा जेमतेम पिणं, आणि पोटाच्या कातडीला काढलेला चिमटा विरायला दोन सेकंद किंवा जास्त लागणं. यांपैकी कुठल्याही दोन एकत्र दिसल्या की शुष्कता, म्हणजे अंगातलं पाणी कमी होणं, तीव्र समजायची. डोळ्यांबद्दल आईचं मत घ्यावं. काही मुलांचे डोळे मुळातच खोल असतात, आणि ‘आज वेगळे दिसताहेत’ हे तिच्याइतकं कुणाला सांगता येत नाही.

जुलाब कमी होण्याचंही तसंच. जुलाबातून पोटॅशियम गेलं की आतडं सुस्तावतं. पाणी आतड्यात साचत राहतं, बाहेर येत नाही. पोट नगाऱ्यासारखं फुगतं आणि लंगोट मात्र कोरडं. रक्ताभिसरणाच्या हिशेबात ते पाणी गेलेलंच असतं. जुलाब बंद करणाऱ्या गोळीनंही नेमकं हेच होऊ शकतं. ती लहान मुलांना देऊच नये.

तान्ह्या बाळात आणखी एक जागा बघायची, ती म्हणजे टाळू, डोक्यावरची मऊ जागा. ती आत गेली आहे का ते बघा. बाळ रडत नसताना, उभं धरून बघा. आडव्या किंवा रडणाऱ्या बाळाची टाळू फसवते. डोळ्यांत पाणी येत नाही ही खूण पहिल्या काही आठवड्यांत निरुपयोगी, कारण त्या वयात अश्रू तसेही फारसे येत नाहीत. त्यापेक्षा लंगोट बघा. तान्ह्या बाळाचं लंगोट सहा तास कोरडं राहिलं तर डॉक्टरांना त्याच वेळी दाखवायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला जुलाब लागले तर खुणांची वाटच बघू नका.

प्रश्न : चिमटा नेमका कसा काढायचा? आजींच्या हाताला चिमटा काढला तर कातडी नेहमीच तशीच उभी राहते. मग तिला कायमच पाणी कमी आहे असं समजायचं का?

उत्तर : चिमटा हाताला काढायचा नाही. मुलाला उताणं झोपवून बेंबी आणि कूस यांच्या मधोमध, अंगाच्या उभ्या दिशेनं, अंगठा आणि तर्जनी यांच्या पेरांत कातडी धरायची. नखं लागू देऊ नका. सेकंदभर धरून सोडायची. कातडी झटकन बसली तर ठीक. घडी क्षणभर दिसून विरली तर पाणी कमी पडतंय. ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणेपर्यंत घडी उभीच असेल तर तीव्र.

दोन प्रकारच्या मुलांत ही परीक्षा चकवते. कुपोषित मुलाची कातडी पाणी पुरेसं असतानाही हळू बसते. गुटगुटीत मुलाची, पाणी बरंच गेलेलं असतानाही, पटकन बसते. वृद्धांत तर या चिमट्याला अर्थच उरत नाही, कारण वयानुसार कातडीचा ताण गेलेला असतो.

आजींच्या बाबतीत जीभ बघा. ओलसर आहे की खरखरीत, उभ्या भेगा पडलेली? काखेत बोट लावा. एरवी तिथे थोडा तरी ओलावा असतो. त्यांना पलंगावर बसवा, मग उभं करा. अंधारी आली किंवा तोल गेला तर रक्तदाब टिकत नाहीये. लघवी आठ तासांत झाली नसेल, किंवा झाली ती अगदी थोडी आणि गडद असेल, तर थांबू नका. सगळ्यांत दुर्लक्षित खूण म्हणजे बोलण्यातला गोंधळ. काल नातवंडांची नावं बरोबर घेणारं माणूस आज दिवस विसरतं आणि घरचे म्हणतात, वय झालं. वयाचा विसराळूपणा असा एका दिवसात येत नाही. वृद्धांना तहान कमीच लागते, त्यामुळे ‘पाणी मागितलं नाही’ याला तर काहीच वजन देऊ नका.

प्रश्न : जे पाजू ते उलटून पडतं. मग सलाईनशिवाय इलाज नाही ना?

उत्तर : बहुतेक वेळा उलटी पाण्याची नसते, घाईची असते. तहानलेलं मूल पेलाभर पाणी एका दमात पितं, पोट ताणलं जातं आणि सगळं बाहेर येतं. उलटी झाली की दहा मिनिटं थांबा. मग जलसंजीवनी (ओआरएस, म्हणजे पाकिटातली मीठ-साखरेची पूड पाण्यात मिसळून केलेलं द्रावण) चमच्यानं सुरू करा, दोन-तीन मिनिटांना एक चमचा. टिकू लागलं की मिनिटाला एक. पाच मिलीचा चमचा मिनिटाला एक, म्हणजे तासाला ३०० मिली. किरकोळ वाटणारा चमचा एवढं काम करतो. बाटली वापरू नका, तीत वेग हाताबाहेर जातो.

मधल्या टप्प्यातल्या, म्हणजे चिडचिड्या, तहानलेल्या पण शुद्धीतल्या मुलाला चार तासांत वजनाच्या किलोमागे ७५ मिली द्यायचं असतं. दहा किलोला ७५० मिली. हे आरोग्य केंद्रात, कुणीतरी लक्ष ठेवून असताना व्हावं हे उत्तम. चार तासांनी खुणा पुन्हा बघायच्या. अंगावरचं दूध या काळातही चालूच ठेवायचं.

चमच्यानं देऊनही उलट्या थांबत नसतील, किंवा आत जातंय त्याहून जास्त बाहेर पडतंय, तर मात्र रुग्णालय गाठा. हिरवी उलटी, रक्त पडणं, झटके, दर तासाला मोठे पातळ जुलाब या गोष्टींसाठी चार तासांची परीक्षाही करत बसू नका. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब असतील तर कॉलरा असू शकतो. त्यात धडधाकट माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं आणि सकाळी कामावर गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत दगावू शकतो.

प्रश्न : आमच्यापासून रुग्णालय दोन तासांवर आहे. वाटेत काय करावं?

उत्तर : आधी रोगी गिळू शकतो का ते ठरवा. हाक मारल्यावर डोळे उघडून चमचा गिळत असेल तर निघायच्या आधी लिटरभर जलसंजीवनी बनवून सोबत घ्या आणि वाटभर पाजत राहा. ‘आता डॉक्टरकडे चाललोच आहोत’ म्हणून पाजणं थांबवलं जातं आणि ते दोन तास फुकट जातात. ग्लानीत असेल तर तोंडानं काहीही नको. कुशीवर झोपवा, तोंड किंचित खाली, म्हणजे उलटी झाली तरी श्वासात जाणार नाही. शुद्धीत आहे पण चक्कर येतेय अशा मोठ्या माणसाला आडवं ठेवा, पाय उशीवर उंच. त्याला दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नका. बसवलं की उरलासुरला रक्तदाबही खाली येतो.

जवळच्या केंद्रात तज्ज्ञ नसले तरी शिरेतून सलाईन लावता येत असेल तर आधी तिथेच थांबा. सलाईन अर्ध्या तासाच्या अंतरात मिळणार नसेल, तर प्रशिक्षित परिचारिका नाकातून पोटात नळी घालून तासाला किलोमागे २० मिली जलसंजीवनी देऊ शकते. यानं जीव वाचतात. ‘मोठ्या ठिकाणीच नेऊ’ या हट्टापायी पहिलं दार सोडून पुढे जाणं महाग पडतं.

पोहोचल्यावर पहिल्या वाक्यात सांगायचं ते असं : ‘मूल पीत नाहीये आणि सुस्त पडलंय.’ ‘जुलाब होताहेत’ म्हणालात तर रांगेत बसवतील. मग पुढचं : कधीपासून, गेल्या सहा तासांत किती वेळा, शेवटची लघवी कधी, आजारापूर्वीचं वजन किती, काय काय पाजलं, कुठली औषधं दिली. औषधांची पाकिटं बरोबर न्या.

हातपाय गार आणि चिकट, नाडी झरझर चालतेय पण बोटाला जेमतेम लागतेय, नख दाबून सोडल्यावर गुलाबी रंग यायला तीन सेकंदांहून जास्त लागताहेत, या शॉकच्या, म्हणजे रक्ताभिसरण कोसळत असल्याच्या खुणा. हेही दाराशीच सांगा. श्वास खोल आणि जलद असेल तर लोकांना न्यूमोनिया वाटतो. पण जुलाबातून क्षार गेले की रक्त आम्लधर्मी होतं आणि ते सावरायला शरीर जोरजोरात श्वास घेतं.

प्रश्न : सलाईन इतकं भरभर का सोडतात? हृदयावर ताण येत नाही का?

उत्तर : तीव्र शुष्कतेत सावकाश सोडलेलं सलाईन उशिरा पोहोचलेल्या मदतीसारखंच. वर्षाच्या वरच्या रोग्याला रिंगर लॅक्टेट (सलाईनचाच एक प्रकार) किलोमागे ३० मिली पहिल्या अर्ध्या तासात आणि ७० मिली पुढच्या अडीच तासांत. पन्नास किलोच्या माणसाला हे तीन तासांत पाच लिटर होतं. आकडा भीतिदायक, पण तेवढं गेलेलं असतं. वर्षाखालच्या बाळाला तेच प्रमाण सहा तासांत. हृदयरोगी, मूत्रपिंडाचे रोगी आणि अतिकुपोषित मुलं यांचा हिशेब वेगळा असतो, म्हणून ते आजार आधी सांगा. पिता येऊ लागलं की सलाईन चालू असतानाच जलसंजीवनी सुरू करतात. ‘सलाईन आहे ना, मग कशाला’ असं म्हणून अडवू नका.

प्रश्न : जलसंजीवनीचं पाकीट एका पेल्यात अर्धं टाकलं तर चालतं का? आणि ते नसेल तर फळांचा रस?

उत्तर : नाही, दोन्ही नाही. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण पाकीट एकदम मिसळायचं. अर्ध्या पाकिटातली पूड सारखी विभागली जात नाही. पाणी कमी पडलं तर मीठ जास्त होतं, रक्तातलं सोडियम चढतं आणि झटके येऊ शकतात. पाणी जास्त झालं किंवा नुसतं पाणीच पाजत राहिलं तर सोडियम उतरतं, आणि झटके त्यानंही येतात.

लिटरमागे मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराईड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, हे प्रमाण. ग्लुकोज चवीसाठी नाही. आतड्याच्या भिंतीतून सोडियम आत शिरतं ते ग्लुकोजचा हात धरून, आणि पाणी त्यांच्यामागे जातं. रसात आणि शीतपेयांत साखर इतकी जास्त असते की ती उलट पाणी आतड्यात ओढते, जुलाब वाढतात. खेळाडूंच्या पेयात सोडियम फारच कमी. डबीवर नाव काहीही असो, मागचे आकडे वाचा.

पाकीट नसेल तर एक लिटर पिण्याचं पाणी, पाच मिलीच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. ‘सपाट’ म्हणजे सुरीनं वरचा ढीग कापलेला. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर फेकून पुन्हा करा. तयार द्रावण २४ तासांनी टाकून द्यायचं, ते उकळायचं नाही.

१९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्यानं माणसं मरत होती आणि सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांतून वाटलं, नातेवाइकांना पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं. साधं दिसतं म्हणून या पाकिटाला कमी लेखणाऱ्यांसाठी एवढं सांगितलं.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आणि रक्तदाब आहे. जलसंजीवनीत साखर आहे, देऊ का?

उत्तर : द्या. लिटरला साडेतेरा ग्रॅम ही साखर फार नाही, पाणी न मिळणं त्याहून घातक. रक्तातली साखर मात्र दर काही तासांनी तपासा. साखर फार वाढली तरी लघवीवाटे पाणी जातं. मग जुलाब नसतानाही शुष्कता येते. खोल श्वास, उलट्या, पोटदुखी, ग्लानी असं दिसलं तर सरळ रुग्णालय.

खरी जोखीम त्यांच्या रोजच्या गोळ्यांत आहे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, काही रक्तदाबाच्या गोळ्या, मेटफॉर्मिन, आणि लघवीतून साखर बाहेर काढणारी नवी औषधं अंगात पाणी कमी असताना मूत्रपिंडाला किंवा रक्ताच्या आम्लतेला भोवू शकतात. कुठली थांबवायची, कुठली चालू ठेवायची, हे त्याच दिवशी फोन करून विचारा. इन्सुलिन मनानं बंद करू नका. अंग दुखतं म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक देऊ नका.

प्रश्न : जुलाब नाहीत, नुसतं उन्हातून आल्यावर माणूस बरळतोय. पाणी पाजू का?

उत्तर : बरळतोय म्हणजे तोंडात पाणी नको. हा उष्माघात धरायचा. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत सावलीत आणून कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, जोरात वारा घाला. गार पाण्यात गळ्यापर्यंत बसवता आलं तर अंगाचं तापमान सर्वांत लवकर उतरतं, फक्त डोकं कुणीतरी सतत धरून ठेवायला हवं. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही.