बी.एड. चालू असताना फिनलंडला जाऊन तिथल्या शाळा पाहण्यात अर्थ आहे का?

तुम्ही विचारलंय की एका सेमिस्टरसाठी जावं, की आठ दिवसांचा शाळा पाहण्याचा दौरा पुरे. दौरा करू नका. आठ दिवसांत पायमोज्यांवर वर्गात फिरणारी मुलं दिसतील, १९४८ पासून सगळ्यांना मिळणारं मोफत गरम जेवण दिसेल, ४५ मिनिटांचा तास आणि १५ मिनिटांची सुट्टी दिसेल, आणि परत येऊन ‘तिकडे गृहपाठच नसतो’ असं सांगत फिराल. गृहपाठ असतो. थोडा असतो, पण असतो.

मी एम.एड.ला असताना एक सेमिस्टर फिनलंडमधल्या युव्हास्क्युलाला होते. उनो सिग्नेउस यांनी १८६३ मध्ये फिनिश भाषेतलं पहिलं अध्यापक विद्यालय काढलं ते याच गावात, आजचं विद्यापीठ त्यातूनच वाढलं. विद्यापीठाची स्वतःची सराव शाळा आहे, तिला सगळे ‘नॉर्सी’ म्हणतात. जानेवारीत सकाळी नऊला बाहेर सूर्यही उगवलेला नाही, आणि मी तिसरीच्या गणिताच्या तासाला मागे बसलेली. फिनिशचा गंध नाही. तरी तीन पानं भरली: प्रस्तावना किती मिनिटं, फलकलेखन कसं, बैठक व्यवस्था कशी. आपण पाठनिरीक्षणात लिहितो तसंच.

तास संपल्यावर मार्गदर्शक बाईंनी वही वाचली. (मुलं त्यांना नुसत्या नावाने हाक मारायची, मला ते शेवटपर्यंत जमलं नाही.) त्यांनी एवढंच विचारलं, “खिडकीपाशी बसलेल्या मुलीने आज काय केलं?” मला एक वाक्य सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्याच मुलीच्या तिरकस समोर बसवलं आणि सांगितलं, शिकवणाऱ्याकडे बघूच नकोस. गणित होतं ४०२ वजा १६७. पोरगी शून्यापाशी अडली. खोडलं, लिहिलं, खोडलं, कागद फाटेपर्यंत खोडलं. मग स्वतः उठून ठोकळ्यांचा डबा आणला, एका शतकाचे दहा दशक मांडले, त्यातला एक दशक सुटा केला आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. शिकवणारा विद्यार्थी-शिक्षक एकदा येऊन तिच्याशेजारी उकिडवा बसला, काही न बोलता परत गेला. अकरा मिनिटांनी तिने २३५ लिहिलं. तास संपला, पुढची उदाहरणं राहिली. नंतर त्या विद्यार्थी-शिक्षकाबरोबर तासभर चर्चा झाली, बरीचशी त्या शून्यावरच.

हे इतकं सांगतेय कारण बी.एड.च्या सराव पाठात मी हेच केलं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतली पाचवी, फळ्यापाशी भागाकार करणारी मुलगी, आणि मी थांबले. वहीवर लाल शेरा आला: ‘वेळेचे नियोजन नाही. घटक अपूर्ण.’ पंचवीसपैकी अकरा. मी पाठ तपासणाऱ्या सरांशी वाद घातला तर म्हणाले, मूल्यमापन पाठाचं असतं, पोरीचं नाही. कितीतरी वर्षं मला वाटायचं, त्यांचंच बरोबर असेल. नव्हतं. आणि ‘तिकडे वर्गात वीस मुलं, इथे साठ’ हे मला कुणी सांगू नये, त्या दिवशी माझ्या वर्गात तेवीस मुलं होती.

तर, तुमच्या विद्यापीठाचा तिथल्या विद्यापीठाशी देवाणघेवाणीचा करार असेल तर सेमिस्टरसाठी जा, तिथली फी भरावी लागत नाही. पूर्ण पदवीला इंग्रजी माध्यमात गेलात तर युरोपबाहेरच्यांना २०१७ पासून फी आहे. अर्ज करण्याआधी विचारा: सराव शाळेत किती दिवस बसायला मिळेल, आणि माझी वही वाचून माझ्याशी कोण बोलेल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर पैसे वाचवा.

हेही आधी सांगायला हवं होतं: तिथे शिक्षकाची नोकरी डोक्यात असेल तर वर्गशिक्षकाला पदव्युत्तर पदवी लागते आणि फिनिश किंवा स्वीडिश यायलाच हवी. नॉर्सी म्हणजे तिथली सरसकट शाळा नव्हे. पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत त्यांचे गणिताचे सरासरी गुण २००६ मध्ये ५४८ होते, २०२२ मध्ये ४८४ झाले, म्हणजे तिथल्या शिक्षकांनाही घोर आहेच.

जायचं ठरो न ठरो, या आठवड्यात इथल्याच सराव शाळेत एक तास एकाच मुलाकडे बघून लिहा. निरीक्षणाच्या छापील तक्त्यात त्यासाठी रकाना नाही. मागच्या कोऱ्या पानावर लिहा.