'सेपा'ची सवलत सोडू नका, आधी फॉर्म एक तपासा

तुम्ही लिहिलंय की जपानहून मागवलेले स्पिंडलचे सुटे भाग न्हावाशेव्याला अडकलेत. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कुठल्या देशाचा ते सांगणारा दाखला) असूनही कस्टम्सने शंका काढलीय आणि कस्टम्सचं काम बघणारा एजंट म्हणतोय, सेपाची, म्हणजे भारत-जपान व्यापार कराराची, ड्युटीतली सवलत सोडा, पूर्ण ड्युटी भरा, माल घेऊन मोकळे व्हा. कृपा करून आज तरी तसं करू नका. आमच्या युनिटने नेमकं हेच भोगलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

भारत-जपान सेपा, त्यातली ड्युटी सवलत लागू करणारी ६९/२०११ ची अधिसूचना हे तुम्हाला माहीत असणारच. खरी अडचण 'कॅरोटार २०२०' या, करारातली सवलत मागताना माल कुठल्या देशाचा हे दाखवण्याच्या नियमांत आहे. २१ सप्टेंबर २०२० पासून नुसतं सर्टिफिकेट पुरत नाही. माल जपानी कसा ठरला याची फॉर्म एकमधली माहिती आयातदाराकडे तयार लागते आणि मागितली की कामकाजाच्या १० दिवसांत द्यावी लागते.

आमच्या एजंटने (नाव घेत नाही) हा फॉर्म 'फॉर्मॅलिटी आहे' म्हणत स्वतःच भरून टाकला. सर्टिफिकेटवरचा निकष होता किमान ३५ टक्के मूल्य जपानमधलं आणि कच्च्या मालापेक्षा तयार मालाचा सहा अंकी एचएस कोड (कस्टम्सचा मालाच्या वर्गवारीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) वेगळा. फॉर्मवर त्याने खूण केली 'संपूर्णपणे त्याच देशात मिळवलेला माल' या रकान्यात. तो निकष मुख्यतः खनिजं, मासळी, शेतमाल यांच्यासाठी. यंत्राच्या भागापुढे तो दिसल्यावर अधिकाऱ्याला संशय येणारच, त्यात त्याचा दोष नव्हता. पडताळणीची विनंती जपानला गेली. ड्युटीतल्या फरकाइतकी सिक्युरिटी भरून माल सुटला, पण खेळतं भांडवल गुंतून पडलं. त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. सप्लायरला त्याच्याच देशातून चौकशीचं पत्र गेलं, आणि इतक्या वर्षांचे संबंध असलेला तो माणूस मेलमध्ये एकदम कोरडा झाला.

तेव्हा आजच फॉर्म एक आणि सर्टिफिकेट शेजारी ठेवून निकष ताडून बघा. मग सप्लायरला लिहा, पण त्याच्या उत्पादन खर्चाचा तक्ता मागू नका. जपानी कंपन्या तो देत नाहीत आणि मागितलेलं त्यांना रुचतही नाही. तिथे सर्टिफिकेट जपान चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री देतं आणि त्याआधी माल निकषात बसतो का याचा निर्णय घ्यावा लागतो. म्हणजे कागद सप्लायरकडे तयार असतात. 'त्यातले आकडे वगळून उत्पादनाचे टप्पे आणि कच्च्या मालाचे कोड कळवा' असं म्हटलं की बहुतेकदा उत्तर येतं. गोपनीय आकडे लागलेच, तर ते पडताळणीच्या सरकारी मार्गाने थेट जाऊ शकतात, हेही त्यांना सांगा.

जाता जाता, सेपाचे मालनिहाय नियम २००७ च्या एचएस कोडवर बेतलेत आणि आपलं बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्सकडे भरायचा अर्ज) आजच्या कोडवर. दोन्ही कोडचा तक्ता जवळ ठेवा. आणि पुढच्या ऑर्डरआधी त्या मालावर सवलतीशिवायची साधी ड्युटी मुळातच शून्य नाही ना, हेही बघून घ्या; तशी असेल तर सवलत मागायची गरजच नाही.

आता थोडं मनातलं. २०१४ पासून आपण जपानचे 'विशेष सामरिक आणि जागतिक भागीदार'. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनला ०.१ टक्के व्याजाने ५० वर्षांचं कर्ज मिळतं, नगर जिल्ह्यातल्या सुप्याला जपानी उद्योगांसाठी वेगळा पट्टा होतो. पण बोलणी सुरू झाली की व्यापारातल्या तुटीचीच. २०२३-२४ मध्ये आपली निर्यात सुमारे ५ अब्ज डॉलर, आयात १७ अब्जांच्या वर. त्या आयातीत यंत्रं आणि सुटे भाग भरपूर आहेत, ज्यांच्यावर चाकणची शॉप फ्लोअर चालतात. तिसऱ्या देशाचा माल सवलतीत घुसू नये हे मलाही पटतं. पण त्यासाठी केलेल्या नियमांचा काच सरळ व्यवहार करणाऱ्या छोट्या कारखान्यालाच जास्त बसतो, असं माझं ठाम मत आहे. मोठ्यांकडे या कामाचे स्वतंत्र विभाग असतात, आपल्याकडे एक अकाउंटंट आणि एक एजंट.

मी कस्टम्सचा वकील नाही. नियम बदलतात, तेव्हा कस्टम्स कायद्याचं अशा सवलतींबद्दलचं कलम २८डीए सल्लागाराबरोबर बसून वाचाच. एजंट बदलायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण फॉर्म एक यापुढे तुमच्या सहीआधी तुमच्याच माणसाने भरावा. आणि सगळे कागद किमान ५ वर्षं जपा, माल सुटल्यानंतरही ते मागता येतात.