दिल्ली-वॉशिंग्टन विमान का बंद झालं, आन् संभाजीनगरहून आता कसं जायचं?

बघा, एअर इंडियानं हा रूट 1 सप्टेंबर 2025 पासून बंद केला. कारणं दोन, एक म्हणजे 26 बोइंग 787-8 विमानं आतून नवीन करायला घेतलीत, एकेक विमान हँगरला गेलं की तितके दिवस ते उडत नाही, आन् दुसरं पाकिस्तानचं आकाश एप्रिल 2025 पासून भारतीय विमानांना बंद झालेलं, मग लांबचा वळसा, इंधन जास्त, क्रूचे तास जास्त, विमान परत यायला उशीर. विमानंच कमी असल्यावर एखादा रूट सोडावाच लागतो, हा निर्णय मला तरी बरोबर वाटतो.

आपल्या संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून दिल्ली किंवा मुंबई गाठा, पुढं न्यूयॉर्क नाहीतर शिकागोवरून वॉशिंग्टन. सगळं एकाच तिकिटावर काढा. आई-वडील एकटे येणार असतील तर त्यांना नक्की सांगून ठेवा, अमेरिकेत पहिल्या विमानतळावरच बॅगा घेऊन कस्टम करून परत द्याव्या लागतात, म्हणून मधे तीन-चार तास ठेवाच.