स्थितिज ऊर्जेची दोन सूत्रं: कोणतं कुठे वापरायचं?

प्रश्न : नववीत स्थितिज ऊर्जा (वस्तूच्या जागेमुळे तिच्यात साठलेली ऊर्जा) म्हणजे वस्तुमान × जी (गुरुत्व त्वरण) × उंची असं शिकलो. दहावीच्या 'गुरुत्वाकर्षण' धड्यात मात्र ऋण चिन्हाचं वेगळंच सूत्र आहे: उणे GMm ÷ (R + h). (G गुरुत्व स्थिरांक, M पृथ्वीचं आणि m वस्तूचं वस्तुमान, R पृथ्वीची त्रिज्या, h उंची.) एकाच वस्तूची दोन उत्तरं कशी?

उत्तर : दोन्ही सूत्रांचं शून्य वेगवेगळ्या जागी आहे. नववीत जमिनीवर शून्य धरलं होतं, दहावीत अनंत अंतरावर. म्हणून एका सूत्राचं उत्तर दुसऱ्याशी ताडून पाहू नका. दोन ठिकाणांमधला फरक काढा आणि तो ताडा.

१ किलोची वस्तू ४०० किमी उंचीवर नेली असं समजा. पृथ्वीची त्रिज्या ६,४०० किमी आणि जी ९.८ घ्या. GM म्हणजे जी × त्रिज्येचा वर्ग, म्हणून दहावीच्या सूत्राने जमिनीवर उणे ६.२७२ कोटी ज्यूल येतात. वर जाताना भाजकात ४०० नव्हे, ६,८०० किमी घ्यायचे, कारण अंतर केंद्रापासून मोजायचं असतं (सर्वांत जास्त गुण इथेच जातात). उत्तर उणे ५.९०३ कोटी. उणे चिन्हापुढचा आकडा लहान झाला म्हणजे ऊर्जा वाढली, वाढ ३६.९ लाख ज्यूल.

नववीच्या सूत्राने ३९.२ लाख येतात, म्हणजे सव्वासहा टक्के जास्त. या सूत्रात जी वरपर्यंत ९.८ च धरलेला असतो, प्रत्यक्षात तो ४०० किमीवर ८.६८ होतो. मग ८.६८ घालून गुणावं, असं अनेकांना सुचतं. तेही चूकच: ३४.७ लाख, म्हणजे आता कमी. जी वाटेत हळूहळू घटतो. त्यामुळे खरं उत्तर या दोन्हींच्या मध्ये पडतं.

नववीच्या सूत्रात चूक किती येईल याचा अंदाज सोपा आहे: उंचीला त्रिज्येने भागा. कळसूबाईच्या १,६४६ मीटरला ती ०.०३ टक्क्यांहूनही कमी येते. इमारत, विहीर, डोंगर यांना नववीचं सूत्र बिनधास्त वापरा. उपग्रह किंवा मुक्तिवेग (पृथ्वीच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग) आला की दहावीचं.

प्रश्न : ५० किलोचं पोतं ६ मीटर लांबीच्या फळीवरून दीड मीटर उंच ट्रकमध्ये चढवलं. उंची कोणती घ्यायची?

उत्तर : दीड मीटर. ५० × ९.८ × १.५ = ७३५ ज्यूल. फळीची लांबी घातली तर उत्तर चौपट येईल. घर्षणामुळे हमालाला जास्त कार्य करावं लागतं हे खरं, पण त्या जादा कार्याची उष्णता होते. पोत्याची स्थितिज ऊर्जा ७३५ नेच वाढते.